पडण्याचा खर्च

मी इथे स्टुडिओत बसून बोलतो आणि तुम्ही घरात, शेतात, दुकानात बसून ऐकता. मधे तार नाही. या बिनतारी करामतीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिचं नवल वाटेनासं झालंय. आज अशाच एका बिनतारी खेळाबद्दल बोलणार आहे. त्यात आवाज जात नाही, हुकूम जातो. जमिनीवर उभा असलेला माणूस हातातल्या पेटीवरची दांडी अंगठ्याने सूतभर हलवतो आणि दूर आभाळात उडणारं विमान डावीकडे कलतं. रेडिओ कंट्रोलचं विमान म्हणतात त्याला. कृपा करून जत्रेत मिळणारं खेळणं डोळ्यांपुढे आणू नका. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांचे पंख माणसाच्या उंचीहून लांब असतात.

अमेरिकेत अशा मोठ्या विमानांच्या हौशी मंडळींची एक संघटना आहे. तिच्या नियमाप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या वर भरले तरच ते विमान ‘जायंट’ म्हणायचं. एकावर एक असे दोन पंख असतील तर ६० इंच पुरतात. ही झाली सुरुवात. तीन-साडेतीन मीटरची विमानंही तिथल्या मैदानांवर दिसतात. जर्मनीत तर पंचवीस किलोच्या पुढची, थेट दीडशे किलोपर्यंतची मॉडेलं रीतसर तपासणी करून घेऊन उडवता येतात. दीडशे किलो म्हणजे चांगली खात्यापित्या घरची दोन माणसं. त्याला मॉडेल म्हणायचं की विमानच म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी विषय घेऊन. पण माझा भाचा अमेरिकेत, ओहायो राज्यात नोकरीला आहे आणि त्याला या छंदाने पछाडलंय. २०१९ च्या उन्हाळ्यात आपाबरोबर, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीबरोबर, मी त्याच्याकडे दीड महिना राहिलो. त्या दीड महिन्यातले सगळे रविवार एका गवताळ मैदानावर गेले. तिथे जे पाहिलं, विचारलं आणि पुढे वाचून काढलं, ते सांगतो. त्यातही मला ओढ लागली ती एकाच गोष्टीची. ही विमानं पडतात कशी, आणि पडली की काय काय जातं?

या खेळाची सुरुवात १९३० च्या दशकातली. मिशिगन राज्यातल्या कलामझू गावात वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ राहत. एकाला विमानांचं वेड, दुसऱ्याला हौशी बिनतारी केंद्राचं. दोघांची वेडं एकत्र आली आणि १९३७ साली त्यांचं ‘गफ’ नावाचं विमान रेडिओच्या हुकमावर उडलं. त्याचे पंख आठ फुटी होते. एवढं मोठं कशाला, तर त्यावेळी ट्रान्झिस्टर नव्हता. काचेचे व्हॉल्व्ह आणि जड बॅटऱ्या वाहून न्यायला मोठंच विमान लागायचं. म्हणजे मोठेपणा हा पुढे आलेला शौक नाही, पहिल्या दिवसाची गरज आहे. पुढे भावांनी ते विमान स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं.

त्याच काळात हॉलिवुडमध्ये रेजिनाल्ड डेनी नावाचा एक नट होता. त्यालाही हाच नाद. त्याने छंदाच्या सामानाचं दुकान काढलं, मग ‘रेडिओप्लेन’ नावाचा कारखाना, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला हजारो रेडिओ विमानं पुरवली. ती कशासाठी? तोफा चालवणाऱ्यांना नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून. वर उडवायचं आणि खालून पाडायचं. जगात पडण्यासाठीच जन्माला घातलेली विमानं एवढ्या संख्येने तोवर झाली नसावीत. जाता जाता सांगतो, याच कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचे फोटो काढायला सैन्याचा एक छायाचित्रकार आला आणि त्याची नजर नॉर्मा जीन नावाच्या मुलीवर गेली. तीच पुढची मेरिलिन मन्रो. विमानांच्या गोष्टीत तिचं काही काम नाही, पण आठवलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आजच्या हौशी लोकांना व्हॉल्व्हचं ओझं नाही. मग ते मोठं विमान का करतात? कारण ते जास्त चांगलं उडतं. लहान विमान वाऱ्याच्या झुळकेसरशी कागदाच्या कपट्यासारखं भिरभिरतं. मोठं संथ चालतं, वळताना खऱ्या विमानाचा डौल दिसतो, आणि लांब गेलं तरी डोळ्यांना सापडतं. पण त्यात एक गणित दडलंय. विमान लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट केलं की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन, माल तोच ठेवला तर, आठपट. चौपट पंखावर आठपट ओझं, म्हणून हवेत टिकायला वेगही जास्त लागतो, दीडपटीच्या जरा आत. आता वजन आठपट आणि हा वाढलेला वेग, यांचा मेळ घातला की जमिनीवर आदळतानाचा दणका होतो सोळापट. भाच्याने हे मला कागदावर मांडून दाखवलं. मी म्हटलं, बाबा रे, मला कळेल असं सांग. तो म्हणाला, ‘मामू, पंधरा किलोचं विमान ताशी शंभर किलोमीटरने जमिनीत घुसलं, तर पंधरा किलो गव्हाचं पोतं तेराव्या मजल्यावरून खाली टाकल्यासारखं आहे.’ शिवाय पोत्याच्या तोंडाला गरगर फिरणारा पंखा नसतो. त्यानंतर मी मैदानावर खुर्ची जरा मागे घेऊनच बसायला लागलो.

आता पैशांचं बोलू. पूर्वी या विमानांची इंजिनं मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर चालत. हो, एरंडेलच, लहानपणी आई नाक दाबून पाजायची ते. यंत्राच्या पोटालाही ते मानवतं म्हणायचं! पण हे मिश्रण महाग, आणि मोठं इंजिन ते घटाघटा पिणार. मग १९७० च्या दशकात झाडं तोडायच्या यांत्रिक करवतीची पेट्रोल इंजिनं या विमानांना बसायला लागली. साधं पेट्रोल, त्यात थोडं ऑइल. त्याने हा खेळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. आवाक्यात म्हणजे तिथल्या मध्यमवर्गाच्या, बरं का. आज तीन मीटरचं कसरतीचं विमान उभं करायचं तर सांगाडा, इंजिन, रेडिओ आणि बाकी सगळं मिळून पाच-सहा हजार डॉलर सहज जातात. आपल्या हिशेबाने चार-पाच लाख रुपये. सर्व्हो नावाची एक छोटी मोटर असते, ती पंखाची झडप हलवते. लहान विमानाला अशा चार पुरतात आणि त्या स्वस्त असतात. मोठ्याला सात-आठ लागतात, लोखंडी दात्यांच्या, आणि प्रत्येकीला शंभर डॉलर किंवा जास्त मोजावे लागतात. जेट घ्यायचं तर केरोसीनवर चालणारं बाटलीएवढं टर्बाइनच दोन-अडीच हजार डॉलरचं. तरी हे बाजारातलं झालं. १९९० च्या आसपास कुर्ट श्रेकलिंग नावाच्या जर्मन माणसाने असं टर्बाइन घरच्या घरी बनवून दाखवलं होतं आणि त्यातलं हवा दाबणारं चाक प्लायवुडचं होतं. तापलेल्या जेट इंजिनात लाकूड! अशी माणसं मला कवींच्या फार जवळची वाटतात.

पण डॉलरमध्ये न मोजता येणारा खर्च वेगळाच. भाच्याच्या तळघरात मी एक पंख तयार होताना पाहिला. बाल्सा नावाचं लाकूड असतं, ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येतं. हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. त्याच्या पट्ट्या एकेक करून वजनकाट्यावर टाकायच्या, हलकी कुठे आणि भारी कुठे ते ठरवायचं, डाव्या पंखाची पट्टी उजव्याच्या जोडीला लावायची. आमच्या मिरजेत सतारमेकर भोपळा निवडताना त्यावर बोटाने टिचकी मारून कान लावतात, ते मला आठवलं. तिथेही हलकेपणा हवा आणि ताणही सोसला पाहिजे. फरक इतकाच की सतार झाली की ती पन्नास वर्षं वाजते. इथे दोन हिवाळे खपून केलेली वस्तू पहिल्या रविवारी दुपारी साडेअकराला संपू शकते.

ती संपते कशाने? भव्य कारण फार क्वचित असतं. बॅटरीची जोडणी ढिली. झडपेला जोडणारी, बोटाच्या पेराएवढी पिन निसटली. सर्व्होची तार उलटी बसली, त्यामुळे उजवीकडे सांगितलं की विमान डावीकडे जायला लागलं. हे शेवटचं कारण ऐकून मला हसू आलं होतं, पण जुनेजाणते लोकही यात फसतात म्हणे. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक जण विमानामागे उभा राहून दांडी हलवून प्रत्येक झडप बघतो. नमाजाआधी वजू करावा तितक्या नेमाने.

पूर्वी आणखी एक भूत होतं. अमेरिकेत या विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या आसपासचे ठरावीक चॅनेल होते, इंग्लंड-युरोपात ३५ मेगाहर्ट्झचे. मैदानात दोघांनी एकाच चॅनेलवर पेटी चालू केली की विमानाला दोन धनी व्हायचे. ते कोणाचंच ऐकायचं नाही आणि पडायचं. यावर उपाय काय काढला असेल? कपडे वाळत घालायचे चिमटे! फळीवर प्रत्येक चॅनेलच्या नंबराचा एकेक चिमटा. ज्याच्या हाती चिमटा त्यानेच पेटी चालू करायची, उडवून झालं की चिमटा परत जागेवर. काही लाख रुपयांची विमानं अशा चार आण्यांच्या चिमट्यांच्या भरवशावर उडत होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत २.४ गिगाहर्ट्झचे नवे रेडिओ आले. आपल्या वायफायचा पट्टा तोच. त्यात पेटी आणि विमान एकमेकांना ओळखून असतात, शेजारच्याची गडबड होत नाही. चिमट्यांची ती फळी भाच्याच्या मैदानावर अजून टांगलेली होती. तिला आता टोप्या अडकवतात.

यंत्राची चूक नसली तरी डोळ्यांची होते. विमान तुमच्यापासून दूर जात असतं तेव्हा त्याचं उजवं तेच तुमचं उजवं. ते वळून तुमच्याकडे यायला लागलं की उलटं, आरशातल्यासारखं. विमानात बसलेल्या वैमानिकाला हा प्रश्न येत नाही. हा बाहेर उभा राहणाऱ्याचा त्रास आहे. शिकणाऱ्याला एक युक्ती सांगतात. विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला दांडी ढकल, जणू खालून टेकू देतोयस. डावं-उजवं विसरून जा. हे ऐकायला सोपं आहे. तिथे एका मुलाची तीन रविवार शिकवणी चालली होती. त्याची पेटी गुरुजींच्या पेटीला वायरने जोडलेली. गुरुजी बटण दाबून धरतात तोवर विमान शिष्याच्या ताब्यात, सोडलं की गुरुजींच्या. तिसऱ्या रविवारी गुरुजींनी बटण दाबून धरलं आणि सात मिनिटं सोडलं नाही. मुलापेक्षा गुरुजींनाच जास्त घाम फुटला होता.

याच मैदानावर एका रविवारी मी पिवळं पायपर कब पडताना पाहिलं. १९३० च्या दशकातलं हे छोटं अमेरिकी विमान, पिवळा रंग आणि कडेने काळी रेघ, या लोकांचं फार लाडकं आहे. हे मूळ विमानाच्या पाव आकाराचं होतं, पंख पावणेतीन मीटर. ते बनवणारे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. दोन हिवाळे लावले होते त्यांनी. आतली छोटी खुर्चीसुद्धा शिवून घेतलेली.

विमान गवतावरून धावलं, अलगद उठलं, पंधरा-वीस मीटर वर गेलं आणि इंजिन बंद पडलं. त्या शांततेचं काय सांगू! मैदानावर बोलणारे सगळे एकदम गप्प झाले. समोर मक्याचं शेत, पुरुषभर वाढलेलं. मागे गुळगुळीत कापलेली धावपट्टी. कोणालाही वाटेल, वळवा आणि आणा मागे. पण धावपट्टीच्या कडेला मोटारी उभ्या होत्या, खुर्च्या होत्या, बायका-मुलं डबे उघडून बसली होती. आणि इंजिन नसताना, वेग कमी असताना विमान वळवलं की आतला पंख हवा सोडतो, विमान गिरकी घेऊन नाकावर येतं. खऱ्या विमानांचे कितीतरी वैमानिक याच वळणावर गेले आहेत. त्या शिक्षकांनी नाक खाली केलं, विमान सरळ ठेवलं आणि मक्यात घातलं. खसखस असा आवाज आला, मोठं जनावर पिकात शिरल्यासारखा. मग पिवळा रंग दिसेनासा झाला.

इंजिन बंद पडल्यापासून हे सगळं तीन-चार सेकंदांत झालं असेल. मला सगळ्यात जास्त बघावंसं वाटलं ते त्यांचा अंगठा, आणि तो वळणाच्या बाजूला जराही गेला नव्हता.

भाच्याने नंतर सांगितलं, या छंदात पहिल्यापासून एकच गोष्ट घोकून घेतात. गमावणं परवडणार नाही ते उडवू नका. मला आधी वाटलं, ही पैशाची काटकसर आहे. तसं नाही. ज्याला विमान वाचवायचं असतं त्याचा हात शेवटच्या दोन सेकंदांत चुकतो. तो वळवून आणायला बघतो, लोकांच्या डोक्यावरून आणायला बघतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पाच हजार डॉलर आणि दोन हिवाळे असतात. अशा विमानांनी बघ्यांचे जीवही घेतले आहेत. तेव्हा विमान जितकं महाग तितकं ते धोक्याचं, आणि त्याला कारण एकटं वजन नाही. माझ्या मते पंधरा किलोच्या विमानात सर्वांत जड वस्तू ही त्याची किंमत असते. क्लबच्या सभासदत्वाबरोबर विमा मिळतो, अमेरिकेतल्या मुख्य संघटनेचा तर २५ लाख डॉलरपर्यंतचा. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपलं विमान फुटलं तर त्याचा एक पैसा मिळत नाही. ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटली.

मक्यात पडलेलं विमान शोधणं हेही एक कामच. आत शिरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही. दोघे जण बाहेर लांब लांब उभे राहिले, जिथे ते दिसेनासं झालं त्या दिशेला प्रत्येकाने हात केला आणि बाकीचे त्या दोन रेघा मिळतील तिथे निघाले. अर्ध्या तासाने सापडलं. मक्याने झेल घेतला होता. उजवा पंख मधून मोडलेला, चाकांची तिकटी उखडलेली, कापड फाटलेलं. इंजिन शाबूत. सर्व्हो सगळे शाबूत. त्या शिक्षकांनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत तुकडे भरले, आतली शिवलेली खुर्ची काढून खिशात टाकली आणि म्हणाले, चला, या हिवाळ्याला काम मिळालं. मग ते इतरांसारखेच डबा उघडून बसले. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. त्यांनी अर्धाच खाल्ला.

रेडिओच गेला, हुकूमच पोचेनासा झाला, तर काय? त्यासाठी विमानातल्या ग्राहक यंत्राला आधीच सांगून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. काहीच सांगितलं नाही तर काही रेडिओ शेवटचा हुकूम धरून बसतात. तो हुकूम पूर्ण वेगाचा असेल तर विमान पूर्ण वेगाने जिथे जायचं तिथे जातं, गावावरही. म्हणून नियम असा की आवाज तुटला की इंजिन निदान मंद तरी व्हायला हवं, नाहीतर बंद. म्हणजे विमान तिथेच, मैदानात पडेल. घरात बसून, शांत डोक्याने, आपल्याच हातांनी केलेल्या वस्तूला हे शिकवून ठेवायचं, की माझा आवाज आला नाही तर तू पड. मृत्युपत्र लिहितानाही माणसाचा हात इतका स्थिर राहत नसेल.

या सगळ्याच्या उलट टोकाला एक माणूस होऊन गेला. त्याची विमानं मैदानात पडली नाहीत. ती समुद्रात पडली. अमेरिकेतले मेनार्ड हिल. अटलांटिक महासागर ओलांडणारं मॉडेल विमान करायचं त्यांनी मनावर घेतलं. आंतरराष्ट्रीय नियमाने मॉडेलचं वजन इंधनासकट पाच किलोच्या आत हवं. म्हणजे इथे मोठेपणा वजनात नव्हता, अंतरात होता. पंख जेमतेम सहा फुटी, बाल्साचा सांगाडा, दहा सीसीचं इंजिन, एक गॅलनहूनही कमी इंधन. वाट दाखवायला जीपीएस आणि छोटा स्वयंचलित वैमानिक. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधून, केप स्पिअरहून सोडायचं आणि आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ उतरवायचं. २००२ साली तीन विमानं गेली. २००३ मध्ये चौथंही गेलं. सापडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक वेळी महिनोन्‌महिन्यांचं काम, आणि हाती एक तुकडासुद्धा नाही, की नेमकं काय बिघडलं तेही कळू नये. तेव्हा हिल यांचं वय ७७ होतं. दृष्टी कायद्याच्या व्याख्येने अंध ठरावी इतकी गेलेली, आणि कानांनाही फारच कमी ऐकू यायचं.

पाचवं विमान ९ ऑगस्ट २००३ रोजी संध्याकाळी सुटलं. ११ ऑगस्टला दुपारी, ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे तीन हजार किलोमीटर कापून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसलं. तिथे डेव्ह ब्राउन पेटी घेऊन उभे होते. त्यांनी ते हाताने उतरवलं. टाकीच्या तळाशी थोडंसंच इंधन उरलं होतं.

ही वाट हिल यांनी उगाच निवडली नव्हती. १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राउन हे दोन वैमानिक न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले ठरले, ते याच न्यूफाउंडलंडहून निघून याच क्लिफडेनजवळ उतरले होते. उतरले म्हणजे काय, वरून हिरवंगार कुरण दिसलं म्हणून विमान टेकवलं आणि ती निघाली दलदल. चाकं रुतली, नाक चिखलात, शेपटी वर. दोघांना काही झालं नाही. इतिहासातलं इतकं मोठं उड्डाण आणि शेवट असा! आणि जवळच काय होतं, तर मार्कोनीचं बिनतारी केंद्र. त्याचे उंच खांब पाहूनच त्यांना कळलं होतं की आपण पोचलो. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी रेडिओच्या हुकमावरचं विमान ज्या भागात सुखरूप उतरलं, तिथे माणसं बसलेलं विमान चिखलात नाक खुपसून थांबलं होतं. २०११ साली हिल वारले.

आपल्याकडे हा खेळ मोठ्या विमानांपर्यंत फारसा पोचलेला नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मुलं मॉडेलं करतात. इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं स्पर्धांसाठी करतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या विमानांना ‘मॉडेल’ म्हणून वेगळी जागा दिली गेली आणि दोन किलोपर्यंतचं, धंद्यासाठी नसलेलं यंत्र उडवायला पायलटच्या परवान्याची अट ठेवली नाही. विमानतळाच्या आसपास मात्र सरसकट उडवता येत नाही, ते बघूनच मैदान निवडावं लागतं. फोमच्या शीटचं शिकाऊ विमान रेडिओसकट सात-आठ हजारांत होतं. ते पडलं तर गरम गोंदाची एक कांडी लागते.

मिरजेहून कृष्णेच्या काठाकडे जाताना एका पडीक रानात सुट्टीच्या दिवशी अशी चार-सहा पोरं मला दिसतात. तिकडे जाणं झालं की मी थांबतो. तिथे मका कमी, चारी बाजूंनी ऊस. उसाचं गणित मक्याहून वेगळं आहे. आत शिरायला वाट नसते, पानं अंग कापतात, आणि शेतमालक पोरांना शिरू देत नाही. म्हणून तिथला रिवाज असा की उसात गेलेलं विमान शोधायचं नाही, फडाला तोड लागेपर्यंत थांबायचं. गेल्या हंगामात ऊसतोड्यांच्या एका लहान मुलाला असंच एक विमान सापडलं, पाच महिने उसात राहिलेलं. त्याने ते कोपीवर नेऊन ठेवलं. पोरं मागायला गेली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, हे केवढ्याचं? पोरांनी खरी किंमत सांगितली नाही, दोनशे रुपये म्हणाली. तो म्हणाला, मग मी ठेवतो. शेवटी मोटर आणि रेडिओ पोरांनी नेला, पंख त्याच्याकडे राहिले.